समुद्राचं पाणी, नाशिकला

खळं उरकलं की आमचा पाडा रिकामा व्हायचा. पेठच्या डोंगरात भात आणि नागली पिकायची, पण होळीपर्यंतही ती पुरायची नाही. म्हणून कुडाचं दार दोरीने बांधायचं, भांडी आणि गोधड्या गोणीत कोंबायच्या आणि टेम्पोत चढून निफाडकडच्या द्राक्षबागांवर कामाला जायचं. बागेच्या कडेला पंपाची खोली असायची. तिच्या भिंतीला टेकवून बा ताडपत्रीचं खोपटं उभं करायचा. त्यात आम्ही चौघं चार-पाच महिने काढायचो. पंप सुरू झाला की भिंत थरथरायची आणि आमची भांडी आपोआप वाजायला लागायची. जेवायला भाकरी आणि मिरची. डाळ शिजली तर शेजारच्या खोपटातली पोरं वासावर येऊन उभी राहायची.

पहिली-दुसरीत मी दिवाळीपर्यंत पाड्यावरच्या शाळेत असायची आणि नंतर वेलांखाली. हजेरीपटात माझ्या नावापुढे अर्धं वर्ष फुल्या. मग एका हिवाळ्यात माझा धाकटा भाऊ बागेतच तापाने गेला. दवाखान्यात न्यायला ट्रॅक्टर मिळेपर्यंत दुपार झाली होती. त्यानंतरच्या जूनमध्ये आईने मला आश्रमशाळेत घातलं. बा नको म्हणत होता, तर ती एवढंच म्हणाली, "ही तरी एका जागी ऱ्हाईल."

मी एका जागी राहिले. बारावी झाले, नाशिकला आदिवासी मुलींच्या वसतिगृहात जागा मिळाली, बी.एस्सी. झाले. आमच्या पाड्यात पदवी घेणारी मी पहिली. हे सांगताना मी मान खाली घालत नाही.

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. त्या वर्षी प्रत्येकाला एक प्रयोग करून त्याचा प्रबंध द्यावा लागे. मार्चअखेरपर्यंत तो दिला नाही तर वर्ष गेलं. बाकीच्यांचं वर्ष जायचं, माझं सगळंच जाणार होतं. वसतिगृहाचा नियम साधा होता. नापास झाली की जागा खाली करायची. नाशकात दुसरीकडे राहून शिकणं आम्हाला झेपणारं नव्हतं. जागा गेली की कॉलेज सुटलं, आणि कॉलेज सुटलं की टेम्पो होताच.

विषय माझ्या सरांनी दिला. सर नाशिकचेच, बोलणं शुद्ध, शर्टाच्या खिशाला कायम दोन पेनं.

"बंदरातले लोखंडी खांब नुसत्या मिठाने गंजत नाहीत," ते म्हणाले. "पाण्यातले जिवाणू लोखंडावर बसतात, बुळबुळीत थर करतात, आणि त्या थराखाली लोखंड पोखरलं जातं. किती, ते तू मोजायचं. समुद्राचं पाणी घ्यायचं. अर्धं जसंच्या तसं, म्हणजे जिवाणूंसकट. अर्धं ऑटोक्लेव्हमध्ये घालून निर्जंतुक. दोन्हींत सारख्या लोखंडी पट्ट्या टांगायच्या, आधी वजन, नंतर वजन. कळलं?"

"कळलं सर. पण समुद्र?"

"आणायचा."

मी तोवर समुद्र पाहिलेला नव्हता. ते मात्र मी सरांना सांगितलं नाही.

पाण्यासाठी वीस-वीस लिटरचे दोन कॅन हवे होते. एक मी मेन रोडवरून नवा घेतला. दुसरा घ्यायचा तर महिन्याचा साबण-तेलाचा खर्च बंद पडला असता. आई-बा तेव्हा निफाडच्या बागेवर आले होते. रविवारी तिथे गेले तेव्हा सहज बोलले, तर आई म्हणाली, "इकत कशाला घेती? बागेत पडल्यात की. मालकाला इचारते." तिने एक निळसर कॅन आणला, वाळू आणि भाताचा पेंढा घालून घासला, तीन वेळा खळखळून धुतला आणि उन्हात उपडा ठेवला. नवाच वाटत होता. माझी चूक इथे झाली. ती कळायला दीड महिना गेला.

डहाणूला बा माझ्याबरोबर आला. एक दिवसाचा खाडा करून, धुतलेला सदरा घालून. आम्ही पहाटेच्या एसटीने निघालो आणि किनाऱ्यावर पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. बा घोटाभर पाण्यात उतरला. मग वाकून ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थूऽ करून टाकलं.

"एवढं पानी आन् पेता येत नाय?"

"नाही बा."

"मंग नासायलाच ठेवलंय म्हन की."

धक्क्याजवळ, जिथे लोखंडी शिडी पाण्यात उतरत होती, तिथलं पाणी आम्ही भरलं. परतीच्या गाडीत कंडक्टरने दोन्ही कॅनवर बोटाने टकटक केलं.

"काय काका, ताडी का? दोन-दोन कॅन? लगीन हाय का घरी?"

"समुद्राचं पाणी आहे," मी म्हणाले.

"नाशकात गोदावरी आटली काय?" सगळी गाडी हसली. बा पण हसला. मग कंडक्टरने वास घेऊन खात्री केली आणि सामानाचं तिकीट फाडलं.

प्रयोगशाळेची किल्ली ज्यांच्याकडे असायची त्या शिपायांना आम्ही सगळे मामा म्हणायचो. मी पॉलिश पेपरने पट्ट्या घासत बसले की मामा शेजारी येऊन उभे राहायचे.

"ताई, आमच्या घरी गेटाला गंज चढलाय. तो काढायला शिकवत नाहीत का तुमच्यात? चढवायलाच शिकवतात?"

"आधी कसा चढतो ते कळू द्या मामा, मग काढते."

"तोवर गेट ऱ्हायचं नाही."

सहा बरण्या मांडल्या. तीन जिवंत पाण्याच्या, तीन निर्जंतुक केलेल्या. नव्या कॅनमधलं पाणी ऑटोक्लेव्हला घातलं. ऑटोक्लेव्ह म्हणजे मोठा प्रेशर कुकरच. आईच्या कॅनमधलं पाणी तसंच वापरलं. प्रत्येक बरणीत चार-चार पट्ट्या नायलॉनच्या तंगुसाने टांगल्या. आणि वहीत लिहिलं, "पाणी स्वच्छ प्लास्टिक कॅनमध्ये आणले." कॅन कुठला, ते लिहिलं नाही. लिहिलं असतं तर सरांनी विचारलं असतं, आणि मग बाग, खोपटं, आईचं काम, सगळं निघालं असतं. वर्गातल्या मुलींना मी वडील शेती करतात एवढंच सांगितलेलं होतं. खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट खटकली. जिवंत पाण्याचा थेंब आगरच्या, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीच्या, बशीत पसरला की जिवाणूंचे ठिपके भरपूर यायला हवेत. माझ्या बशीत चार-दोन ठिपके. मी सरांना दाखवलं.

"प्रवासात मेले असतील," ते म्हणाले. "वाढतील हळूहळू."

मलाही तेच ऐकायचं होतं.

पंचेचाळीस दिवसांनी पट्ट्या काढल्या, आम्लाच्या ठरलेल्या द्रावणात धुतल्या, वाळवल्या, तोलल्या. जिवंत पाण्यातल्या पट्ट्यांचं वजन निर्जंतुक पाण्यातल्यांपेक्षा स्पष्ट जास्त घटलेलं. तिन्ही बरण्यांत. सरांनी आकडे पाहिले, पेन काढलं आणि माझ्या वहीत चक्क शाबास लिहिलं.

"असा स्वच्छ निकाल पाच-सहा वर्षांत एखादा येतो. पुढच्या महिन्यात परिसंवाद आहे, त्यासाठी मी याचा गोषवारा पाठवतो. तू लिहायला बस."

त्या संक्रांतीला मी बागेवर गेले ती तरंगतच. मालकाचा कॅन परत करायचा होता. आणि आईला दाखवायला, जिवंत पाण्यातल्या, मुद्दाम न धुता ठेवलेल्या दोन जादा पट्ट्या टिपकागदात गुंडाळून नेल्या होत्या. लेक काय करते ते तिने एकदा डोळ्यांनी बघावं, असं वाटत होतं.

आई घड विरळणी करून आली होती. हात चिकट. तिने ते पदराला पुसले आणि पट्टी उजेडाकडे धरली. उलटी केली. गंजाच्या खाली एका कडेला तांबूस चकाकी होती. तिने नखाने खरवडलं.

"ह्यो गंज नाय," ती म्हणाली.

"गंजच आहे आई. जिवाणूंनी केलेला."

"गंज बोटाला लागतो. ह्ये तांबं हाय. मोरचूद लागलंय ह्याला."

मी हसले. तिला माझ्या शास्त्रातलं काय कळतंय, असं हसू. ती खोपटात गेली, विळा घेऊन आली, मला हाताला धरून फवारणीच्या टाकीकडे घेऊन गेली. तिथे एका बादलीत भिजवलेलं मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, होतं, निळंशार. तिने विळ्याचं टोक त्यात बुडवलं, थोड्या वेळाने काढलं. टोक लाल. माझ्या पट्टीच्या कडेवर होता तोच लाल रंग.

मोरचूद आणि चुना मिसळून द्राक्षांवर मारतात, बुरशी येऊ नये म्हणून. ते मिश्रण झालं की फवारणीआधी बाया त्यात विळा बुडवून बघतात. विळा लाल झाला तर चुना कमी पडला, अजून घाला, नाहीतर पानं करपतील. हे मी लहानपणी दर हंगामाला पाहिलेलं. मोरचुदातलं तांबं लोखंडावर बसतं हे रसायनशास्त्राच्या धड्यातही शिकलेलं. पण त्या दोन गोष्टी माझ्या डोक्यात कधी शेजारी बसल्याच नव्हत्या.

"क्यान बघू," आई म्हणाली.

तिने कॅन उलटा केला. पोकळ मुठीच्या आत, जिथे तिचा हात आणि पेंढा दोन्ही पोचले नव्हते, तिथे निळी खर, वाळून चिकटलेला थर, धरलेली होती. मोरचूद लोखंडाच्या भांड्यात भिजवत नाहीत, भांडं खातं ते. प्लास्टिकमध्येच भिजवतात. ह्याच कॅनमध्ये भिजवलेलं असणार.

मला सगळं एकदम दिसलं. मोरचूद बुरशी मारतं तसं जिवाणूही मारतं. म्हणून बशीत ठिपके आले नाहीत. माझ्या जिवंत पाण्यात जिवंत असं फार काही नव्हतंच. आणि पट्ट्यांचं वजन जास्त घटलं ते मोरचुदाने. तांबं पट्टीवर बसत गेलं आणि लोखंड पाण्यात उतरत गेलं. निकाल हवा तसा आला होता आणि पार खोटा होता.

"मीच दिला ना क्यान," आई म्हणाली. तिचा आवाज असा मी भाऊ गेला तेव्हाच ऐकला होता.

बा बांधावर बसून सगळं ऐकत होता. "पन तुझा सर बराबर म्हनला ना?" तो म्हणाला.

"म्हणाले. त्यांना माहीत नाही."

"मंग गप ऱ्हा. कोन बघाया येतंय? पेपर दे, पास हो, सुट."

मी आईकडे पाहिलं. ती विळ्याचं लाल टोक मातीत घासत होती.

"बाय, इळा लाल झाला की आमी फवारा सोडत नाय," ती मान वर न करता म्हणाली. "मालक बोंबलला तरी. तुझं तू बघ."

मी कॅन परत न करता नाशिकला आणला.

सोमवारी मी सरांच्या खोलीत गेले.  मी कॅन टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. बाग, खोपटं, मोरचूद, आई, विळा. सरांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. मग वही उघडली.

"इथे काय लिहिलंयस?"

"स्वच्छ प्लास्टिक कॅन."

"कॅन कुठला होता ते का नाही लिहिलं?"

मी कॅन माझ्याकडे ओढून घेतला.

"लाज वाटली?"

"हो सर."

"तुझ्या लाजेपायी माझं परिसंवादात हसं होणार होतं." त्यांचा चेहरा लाल झाला होता. त्यांनी वही बाजूला सारली. मग उठले. "चल. अंदाजाने काही बोलायचं नाही. आधी तपासू."

पट्टीवरचा लाल थर आम्लात विरघळवला, वर अमोनिया टाकला. परीक्षानळी गर्द निळी झाली. कॅनच्या मुठीतली खर पाण्यात खळबळून त्यात अमोनिया टाकला. तीही निळी. मामा दारात उभे होते. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "वा, काय रंग आलाय!" आणि आमच्या दोघांची तोंडं बघून ते निमूट स्टूल पुसायला लागले.

"दोन रस्ते आहेत," सर म्हणाले. "मोरचुदाचा लोखंडावर परिणाम, असं नाव बदलून हेच लिहायचं. त्यात नवीन काही नाही, पण कोणी नापास करणार नाही. किंवा परत पहिल्यापासून. आज दिवस किती उरलेत?"

मी मोजून आले होते. उद्या पाणी आणलं तर पट्ट्या बाहेर निघायला मार्चचा दुसरा आठवडा लागणार. मग तोलणं, लिहिणं, टाइप करणं, बांधणी. एक बरणी बिघडली तरी भरून काढायला दिवस नव्हते.

"पहिल्यापासून, सर."

"फसलं तर मी वाचवू शकणार नाही."

"माहीत आहे."

त्यांनी गोषवारा मागे घेतल्याचं पत्र माझ्यासमोर लिहिलं आणि टाकायला माझ्याच हातात दिलं. पोस्टाच्या पेटीपर्यंतचं ते अंतर मला अजून आठवतं.

या वेळी कॅन दोन्ही नवे. आईने कानातल्या बाळ्या काढून दिल्या तेव्हा मी भांडले, पण तिने ऐकलं नाही. डहाणूला मी एकटी गेले. त्याच धक्क्यावर, त्याच शिडीजवळ पाणी भरलं. वहीत कॅनचं दुकान, पाणी भरल्याची वेळ, गाडीतली जागा, सगळं लिहिलं. आता लपवायचं काही उरलं नव्हतं, त्यामुळे लिहायला सोपं जात होतं. दोन दिवसांनी बशीत ठिपके उगवले, इतके की मोजता येईनात. मी त्या बशीकडे बघत बराच वेळ उभी राहिले.

पण सुख फार टिकलं नाही. निर्जंतुक पाणी तयार करताना मधेच लाईट गेली होती. ऑटोक्लेव्हचा दाब उतरला होता. लाईट आल्यावर मी पुन्हा पहिल्यापासून लावलं, तरी मनात पाल चुकचुकली होती. बाराव्या दिवशी तीनपैकी एका निर्जंतुक बरणीतलं पाणी गढूळ दिसलं. मी सरांना हाक मारली.

"गेली ही," ते म्हणाले. "बाजूला काढ. वहीत लिही."

"उरल्या दोन."

"दोन पुरतात. एक पुरत नाही."

त्या दिवसापासून मी रोज सकाळी प्रयोगशाळा उघडायच्या आधी दारात उभी असायची. मामा किल्ली लावता लावता विचारायचे, "काय ताई, आजारी माणसं कशी आहेत?" मी खिडकीच्या उजेडात एकेक बरणी न हलवता, श्वास रोखून बघायची. त्या दोन बरण्यांतलं पाणी गढूळ झालं तर माझ्या तुलनेला काही आधारच उरणार नव्हता. मामांनी त्या टेबलाजवळ झाडू मारणंही बंद केलं. कोणी दार आपटलं तर माझ्याआधी तेच ओरडायचे.

विसाव्या दिवशी ठरल्याप्रमाणे प्रत्येक बरणीतून एक पट्टी काढून तोलली. आणि जिवंत पाण्यातल्या पट्ट्या कमी घटलेल्या निघाल्या. कमी. मी तीनदा तोललं. काटा तेच सांगत होता. जिवाणूंनी लोखंड जास्त गंजवायला हवं होतं, आणि इथे त्यांचा बुळबुळीत थर जणू पट्टीवर पांघरूण घालून बसला होता.

मला वाटलं, संपलं. त्या संध्याकाळी वसतिगृहात मी ट्रंक उघडून कपडे नीट लावले. का लावले ते सांगता येणार नाही.

सरांनी आकडे पाहिले. "हेही होतं," ते म्हणाले. "सुरुवातीला थर झाकण घालतो. थराखाली हवा संपली की मग दुसरे जिवाणू कामाला लागतात. पण तसं होईलच असं नाही. तू आकडा खोडू नकोस, एवढंच."

"खोडणार नाही."

तिसाव्या दिवसानंतर जिवंत बरण्यांचं झाकण सैल केलं की सडक्या अंड्याचा वास यायला लागला. वर्गातल्या मुली नाकाला ओढणी लावून जायच्या. "तुझ्या बरण्या बाहेर ठेव ना गं, डबा खाववत नाही!" मी मात्र तो वास छातीभरून घ्यायची. हवेशिवाय जगणारे, गंधकाचा वायू सोडणारे जिवाणू कामाला लागले होते. मी बोटांवर दिवस मोजत होते, आणि उरलेल्या दोन निर्जंतुक बरण्या आरशासारख्या नितळ होत्या.

पंचेचाळिसाव्या दिवशी पट्ट्या काढल्या तेव्हा सर आणि मामा दोघंही टेबलाशी उभे होते. जिवंत पाण्यातल्या पट्टीवर शेवाळी रंगाचा गिळगिळीत थर. तो बोटाने सारला तर खाली काळे डाग. आम्लात धुतल्यावर काळे डाग गेले आणि त्या जागी खड्डे दिसले. टाचणीने टोचल्यासारखे, काही खोल. निर्जंतुक पाण्यातल्या पट्टीवर गंज होता, पण सगळीकडे सारखा, खड्डा एकही नाही.

वजनातला फरक आधीच्या खोट्या निकालाइतका मोठा आला नाही. जिवंत पाण्यातलं लोखंड थोडंसंच जास्त घटलं होतं. पण सूक्ष्मदर्शकाखाली खड्डे बघताना सर जे म्हणाले ते मी प्रबंधात शब्दशः घातलं. वजन थोडं कमी झालेलं दिसतं, पण भोक एकाच जागी पडतं, आणि नळी किंवा खांब जातो तो त्या भोकाने.

मी बारा दिवसांत लिहून काढलं. फसलेला पहिला प्रयोग परिशिष्टात घातला. मोरचुदाचा कॅन, मुठीतली खर, निळी परीक्षानळी, विळ्याची पद्धत, आणि ती मला कोणी दाखवली तेही. सर म्हणाले, "हे घालायलाच हवं असं नाही." मी म्हणाले, "असू द्या." शेवटच्या दिवशी दुपारी चार वाजता कार्यालयात प्रत दिली. बाई शिक्का मारता मारता म्हणाल्या, "पाच वाजता खिडकी बंद होते, माहीत होतं ना?"

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक कोकणातले होते. त्यांनी प्रबंध मागून उघडला, म्हणजे परिशिष्टच.

"फसलेला प्रयोग कोणी छापतं का, बाई?"

"घडला म्हणून छापला, सर."

"ही विळ्याची पद्धत कुणाची?"

"माझी आई द्राक्षबागेत मजुरी करते. तिथल्या सगळ्या बायांना ती माहीत आहे."

वर्गातल्या दोन मुली मागे बसलेल्या होत्या. मी वळून पाहिलं नाही. परीक्षकांनी मग खड्ड्यांवर तासभर धारेवर धरलं. विसाव्या दिवशी आकडा उलटा का आला? गढूळ बरणी का वगळली? दोनच बरण्यांवर एवढं ठाम कसं बोलता? शेवटच्या प्रश्नावर मी म्हणाले, "ठाम नाही बोलता येणार. मला दिसलं तेवढंच मी लिहिलंय." त्यांनी प्रबंध मिटला.

जूनमध्ये निकाल लागला. मी प्रथम श्रेणीत एम.एस्सी. झाले. प्रबंधाला विभागात सर्वांत जास्त गुण मिळाले, आणि ऑगस्टमध्ये सातपूरच्या एका कारखान्याच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत मला कायमची नोकरी लागली. त्या वर्षी खळं उरकल्यावर टेम्पो आला तेव्हा आई-बा त्यात बसले नाहीत.